चार ट्रे आणि एक हौद

हौदाला लाल चिठ्ठी लागली ती गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. कोणी लावली हे विचारायची गरज नव्हती. साऱ्या कारखान्यात सुटणारी गाठ मारणारा माणूस एकच, तो म्हणजे थोरल्यांचा जावई. बाकी सगळ्या घराण्याच्या गाठी कात्रीशिवाय सुटत नसत. एकमेकांच्या मनातल्या तर कात्रीनंही नाही.

चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'वस्तू – तपासणीचा हौद, नग एक. गरज – नाही. निर्णय – शनिवारी अकरा वाजता, ऑफिसात. हरकत असल्यास –' आणि पुढे रिकामी ओळ.

थोरल्यांच्या बहिणीनं, म्हणजे साऱ्या कारखान्याच्या आत्यानं, हात पुसले, कानामागची पेन्सिल काढली, रिकाम्या ओळीवर 'आहे' असं लिहिलं आणि पुढचा नळ पाण्यात बुडवला.

तिचं काम सांगायला सोपं होतं. पितळी नळ हवेच्या नळीला लावायचा, तोटी बंद करायची, नळ हौदात बुडवून दट्ट्या दाबायचा. पाणी शांत राहिलं की नळ पास. बुडबुडा आला की नापास, मग तो नळ कोणाच्याही हातचा असो. लग्न मोडून ती परत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी हौदापाशी एक स्टूल ठेवलं आणि 'बस' एवढंच म्हणाले. त्याला एकतीस वर्षं झाली. बाबा गेले, स्टूल तीनदा बदललं, आत्या बसलेलीच होती. घरी तिला खोली होती. पण आपली जागा कुठली, असं कोणी विचारलं असतं तर तिनं ओल्या हातानं हौदाकडे बोट दाखवलं असतं.

आणि अवघड गोष्ट अशी की, जावई तिला आवडायचा.

दीड महिन्यापूर्वी तो पिवळ्या चिकटपट्टीची रिळं आणि गळ्यात स्टॉपवॉच घेऊन आला. जे जे वाया जातं ते काढून टाकायच्या या पद्धतीला लीन म्हणतात, असं त्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं. "म्हणजे आम्ही लीन व्हायचं की मालकांनी?" असं नळांना चकाकी देणाऱ्या बफवाल्यानं मागच्या रांगेतून विचारलं, आणि जावयानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. तेव्हापासून जावयाचं नाव स्टॉपवॉच पडलं. पण माणूस कामाचा निघाला. जमिनीवर पट्ट्या मारून त्यानं प्रत्येक गोष्टीला घर दिलं. सहा वर्षं हरवलेला एकोणीस नंबरचा पान्हा सापडला. त्या पान्ह्यानं खिडकी उघडी धरून ठेवलेली होती. बफवाला मेणाच्या कांडीसाठी दिवसातून चाळीसदा कारखाना ओलांडायचा. कांडी त्याच्या उजव्या हाताशी आली आणि त्याचा गुडघा पंधरा दिवसांत बोलायचा थांबला. "गिऱ्हाईक आपल्या चालण्यासाठी नळ घेत नाही, आत्या," जावई म्हणाला होता. "वाट बघण्यासाठीही नाही. ते सगळं वाया." आत्याला हे इतकं पटलं होतं की तिनं स्वतःचं स्टूल वीतभर डावीकडे सरकवून घेतलं.

मग त्यानं भिंतीवर मोठा कागद लावला. ओतलेल्या पितळेपासून खोक्यात बसेपर्यंत एका नळावर खरं काम बावन्न मिनिटांचं. प्रत्यक्षात लागतात बारा दिवस. त्या बारांतले नऊ एका लाल चौकोनात, आणि चौकोनात शब्द एकच: तपासणी. खाली फोटो. हौदाच्या शेजारी नळांच्या पाट्यांचा डोंगर, आणि डोंगराआड आत्याचा अंबाडा.

फोटो खरा होता. डोंगरही खरा. चूक इतकीच, की डोंगरातले सगळे नळ आधीच पास झालेले होते.

हे आत्याला ठाऊक होतं. ते ती तीन वर्षं का बोलली नव्हती, हेही तिला ठाऊक होतं.

*

शनिवारी अकराला पाच कमी असताना बफवाला ऑफिसच्या चार पायऱ्या उतरून आला.

"आत्या, वर बोलावलंय. सगळे जमलेत."

"त्यांना सांग, बैठक इथे आहे."

"इथे म्हणजे?"

"हौदापाशी. स्टॉपवॉचनंच शिकवलंय ना, काम जिथे होतं तिथे जाऊन बघा म्हणून? म्हणावं, काम इथे होतं."

बफवाल्याचा चेहरा त्याच्या हातच्या नळासारखा चकाकला. "असंच सांगू? शब्दाला शब्द?"

"एक शब्द गाळलास तर गुडघा परत बोलायला लागेल."

वर बराच वेळ आवाज चालले. थोरल्यांचा आवाज ओळखू येत होता, कारण तो कोणाच्या बोलण्यात मध्ये पडत नसे, वरून पडे. शेवटी पायऱ्यांवर पावलं वाजली. पुढे थोरले, हातात पेन; ते पेन घेऊन उतरत, जसे दुसरे काठी घेऊन उतरतात. मागे जावई. त्याच्या मागे धाकटा भाऊ, जो महिन्यातले वीस दिवस मालाच्या ऑर्डरी गोळा करत फिरायचा आणि उरलेले दहा त्या फिरण्याबद्दल बोलायचा. परवाच फोनवर तो म्हणाला होता, "ताई, हौदाला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." आता तो अत्यंत लक्षपूर्वक छताकडे बघत होता.

सगळ्यांत शेवटी मधली वहिनी. मधले जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या वाटणीचं मत आता वहिनींचं होतं. वहिनी बैठकीत बोलत नसत, त्यामुळे ते मत गृहीत धरायला सोपं होतं, आणि थोरले ते धरत.

"हा काय पोरकटपणा?" थोरले म्हणाले. "बसायला जागा तरी आहे का इथे?"

"पाट्या आहेत की, दादा. नऊ दिवसांच्या आहेत, चांगल्या भक्कम."

कोणी बसलं नाही. वहिनी मात्र एका उलट्या पाटीवर बसल्या.

"आत्या," जावई म्हणाला, आणि स्टॉपवॉचच्या दोरीशी चाळा करू लागला. "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण गळका नळ शेवटी पकडण्यापेक्षा तो गळका होऊच नये, हे बरं ना? प्रत्येक मशीनपाशी ज्याची त्यानं तपासणी केली, तर शेवटी सगळेच्या सगळे नळ बुडवायची गरज नाही. पन्नासात एक पुरे."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली.

जावई दचकला. तिच्या विरोधाला उत्तर म्हणून त्यानं तीन पानं तयार केली होती.

"बुडबुडा दांड्यापाशी आला तर दोष आटे पाडणाऱ्या लेथचा. बुडाशी आला तर ओतकामाचा. हे मी एकतीस वर्षं सांगतेय. हौद लेथच्या शेजारी न्या, चाकं लावून न्या, मीच ढकलते. लेथवाल्याला बुडबुडा तिथल्या तिथे दाखवेन. ज्या दिवशी बुडबुडे यायचे थांबतील, त्या दिवशी मी आपण होऊन उठेन. पण हौद भंगारात जाणार नाही, आणि ते नऊ दिवस माझ्या नावावर राहणार नाहीत."

"मग कोणाच्या नावावर?" थोरले म्हणाले. "माल तुझ्यापाशी पडलाय. आम्हाला डोळे आहेत."

"दादा, हा नळ बघ." तिनं पाटीतला एक नळ उचलला, नळीला लावला, बुडवला, दट्ट्या दाबला. पाणी शांत. "जावईबापू, किती झालं?"

"चाळीस सेकंद," जावयानं सवयीनं सांगितलं.

"चाळीस सेकंद. याला मागच्या बुधवारीही चाळीस सेकंदच लागले होते. तेव्हाच पास झालाय हा. मग अजून का बसलाय इथे?"

जावई बुटांच्या टोकांकडे बघू लागला, आणि आत्याला कळलं. याला माहीत आहे!

तिनं आज पास झालेल्या एका पाटीचं पिवळं कार्ड उचललं आणि ती उठली. कामाच्या वेळेत आत्या उठली की लेथवालेसुद्धा वळून बघत. "हे कार्ड जिथे जातं, तिथे आपण सगळे जाऊ," ती म्हणाली. "चला."

*

जमिनीवरची पिवळी पट्टी साऱ्या कारखान्यातून वळत वळत ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत आली होती आणि तिथे तुटली होती.

"इथे का संपली ही?" आत्यानं विचारलं.

"रीळ संपलं," जावई म्हणाला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून दोन कोरी रिळं डोकावत होती.

ऑफिसात लांब टेबलावर ओळीनं चार पत्र्याचे ट्रे होते. बावीस वर्षांपूर्वी दोनशे नळांची एक खेप उलट्या आट्यांची गेली होती. गिऱ्हाईक नळ बंद करायला जाई आणि तो मोकळा होऊन हातात येई. मग महिनाभर चौघं भावंडं एकमेकांवर बोट दाखवत राहिली. शेवटी बाबांनी पत्र्याचे चार ट्रे करून घेतले आणि फर्मान काढलं: यापुढे चौघांच्या चार सह्या झाल्याशिवाय एक नळ दाराबाहेर जायचा नाही. क्रम वयाचा. थोरला, मधला, बहीण, धाकटा. भांडण मिटलं. म्हणजे ते ट्रेमध्ये ठेवलं गेलं.

"पहिला ट्रे," आत्या म्हणाली. "दादा, किती कार्डं आहेत?"

"मोजायची काय गरज? मी प्रत्येक कार्ड वाचतो."

"काय वाचतोस?"

"सगळं. नग, तारीख, तुझं पास-नापास."

"बावीस वर्षांत तुझ्या वाचण्यानं एक तरी गळका नळ अडला?"

"धाक असतो सहीचा!"

"नळाला?"

बफवाला दारात उभा होता, तो खोकला. त्याला बैठकीत प्रवेश नव्हता, पण खोकायला मनाई नव्हती.

"तुझ्या ट्रेत तीन दिवस जातात," आत्या म्हणाली. "चौथा ट्रे आधी घेऊ. धाकट्या, तू दौऱ्यावर असलास की तुझी सही कोण करतं?"

"कोणी नाही. कार्ड थांबतं. नियम म्हणजे नियम," धाकटा छातीवर हात ठेवून म्हणाला.

"मग मागच्या आठवड्यात तू तीनशे कोसांवर असताना इथे सही कशी उमटली?"

धाकट्यानं दाराकडे पाहिलं. बफवाल्यानं अंगरख्याच्या खिशावर हात ठेवला. "शिक्का माझ्यापाशी असतो," तो म्हणाला. "पण मी तो लगेच नाही मारत. तीन दिवस थांबतो. नाहीतर खरं वाटायचं नाही."

थोरल्यांनी धाकट्याकडे असं पाहिलं की त्यानं छत पुन्हा हाती घेतलं.

"तीन आणि तीन सहा. आता तिसरा ट्रे. हा माझा," आत्या म्हणाली. "नळ मीच तपासते. पास मीच लिहिते. मग ते कार्ड पाच दिवस फिरून माझ्याचकडे येतं, आणि ते मीच लिहिलंय अशी सही मी करते. दिवसातून एकदा चढते मी या पायऱ्या, म्हणून एक दिवस. सात झाले." तिनं आपला ट्रे उचलला, त्यातली कार्डं टेबलावर ओतली, पदराला खोचलेली हौदाची लाल चिठ्ठी काढली आणि ट्रेच्या कडीला बांधली. "हा गेला. माझी सही गेली. सुरुवात माझ्यापासून."

"अगं, बाबांनी दिलेली सही आहे ती!" थोरले कळवळून म्हणाले. "तुला हक्क दिला होता त्यांनी. भावांच्या बरोबरीनं."

"हक्क हौदापाशी दिला होता, दादा. इथे नुसता ट्रे दिला."

आता दोन दिवस उरले, आणि एक ट्रे.

आत्याचं बोलणं इथे अडलं. सकाळपासून तिनं मनात सगळी वाक्यं लावून ठेवली होती. याच एका जागी काही लावलेलं नव्हतं. दुसरा ट्रे टेबलावर होता. आत पाच पिवळी कार्डं, नीट एकावर एक. चारांत तो सर्वांत स्वच्छ. मधले गेल्यावर तो उचलायची कोणाची छाती झाली नव्हती. कार्डं थोरल्यांकडून त्यात जात आणि राहत. दोन दिवसांनी वहिनी येत, ट्रे फडक्यानं पुसत, कार्डं उचलून पुढच्या ट्रेमध्ये ठेवत, आणि घरी जात. कोणी ठरवलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, महिनाभर चालेल. मग ते चालू राहिलं. गेलेल्या माणसाच्या टेबलावर रोज ताजं काम येत होतं, आणि त्याबद्दल बोलणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोहोचवून येण्यासारखं झालं असतं.

म्हणून आत्यानं डोंगर आपल्या शेजारी रचू दिला होता. आज हौद वाचवायचा तर वहिनींच्या समोर बोट दाखवावं लागणार होतं.

"थांबलात का, वन्सं?" वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वहिनींचा आवाज या खोलीत नवा होता.

"बोला की. दोन दिवस कुठे जातात?"

"राहू दे, वहिनी. सातच पुरेत," आत्या म्हणाली.

"मुळीच नाही. बांधायची तर सगळ्यांना बांधा." वहिनी टेबलापाशी आल्या. "तुम्हाला सगळ्यांना काय वाटतं, मी यांची आठवण पुसायला येते? यांनी उभ्या जन्मात हा ट्रे पुसला नव्हता. यात भेळ खाल्ली असती त्यांनी, कोणी दिली असती तर. मी येते, कारण या आवारात यायला मला दुसरं निमित्तच नाही. भाऊजी, तीन वर्षांत तुम्ही मला 'या' म्हणालात, 'चहा घ्या' म्हणालात. 'बसा आणि हे करा' असं एकदा तरी म्हणालात?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..." थोरले म्हणाले.

"मला त्रास हवाय!"

दारातला खोकलाही थांबला.

"एक दिवसाआड मी हौदावरून जाते," वहिनी म्हणाल्या. "वन्सं दट्ट्या दाबतात तेव्हा पाण्याकडे बघत उभी राहते. तुम्हाला वाटतं, बाई विचारात आहे. मी बुडबुडे मोजत असते. लेथ नंबर दोनचे जास्त असतात." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तुमच्या कागदावर आहे का हे?"

"नाही," जावई म्हणाला. मग एकदम, अंगावरचं ओझं टाकावं तसं: "आणि ट्रेही नाहीत. मला पहिल्या आठवड्यातच दिसले होते. रीळ संपलं नव्हतं. पण सासऱ्यांच्या टेबलाला लाल चिठ्ठी कशी लावायची हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून मी डोंगराचा फोटो काढला. चुकलो, आत्या."

"चुकलास," आत्या म्हणाली. पहिल्यांदाच त्याला एकेरीत. त्याला ते बढतीसारखं वाटलं असावं, कारण त्यानं मुकाट्यानं पिशवीतून दोन लाल चिठ्ठ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

तिनं एक वहिनींना दिली. वहिनींनी पाच कार्डं काढून घेतली, ट्रे पदरानं शेवटचा पुसला आणि चिठ्ठी बांधली. गाठ पक्की, कात्रीची. दुसरी चिठ्ठी धाकट्यानं मागून घेतली आणि मोठ्या त्यागाचा आव आणून आपल्या ट्रेला लावली. वारा फिरलेला त्याला नेहमी सर्वांत आधी कळे.

उरला पहिला ट्रे.

"माझ्या ट्रेला कोणी हात लावायचा नाही," थोरले म्हणाले. हातातलं पेन त्यांनी ट्रेवर आडवं धरलं. "बाबांचा शब्द आहे हा. तुम्ही तिघं एका बाजूला झालात तरी मी मोडणार नाही."

"नको मोडूस," आत्या म्हणाली. "असू दे तुझा ट्रे. पेन पण असू दे. फक्त आजपासून त्यात काही येणार नाही."

आणि चौदा कार्डं त्यांच्या ट्रेमधून उचलून ती पायऱ्या उतरली. थोरले 'अगं' म्हणाले. पण ते 'अगं' पायऱ्यांच्या वरच राहिलं.

*

साडेबारापर्यंत डोंगर गेला. बफवाल्यानं पाट्या ओढल्या, धाकट्यानं खोकी बांधली आणि आपण हे कसं पहिल्यापासून म्हणत होतो ते खोक्यांना सांगितलं. जावई पायऱ्यांवर गुडघे टेकून पिवळी पट्टी वर ऑफिसात नेत होता. हौद चौघांनी ढकलून लेथच्या शेजारी आणला; पाणी हिंदकळून सगळ्यांचे पाय भिजले. आत्याच्या स्टुलाशेजारी बफवाल्यानं दुसरं स्टूल ठेवलं.

"बसा," आत्या वहिनींना म्हणाली. बाबांनी म्हटलं होतं तितकंच.

वहिनींनी पहिला नळ लावला, बुडवला, दट्ट्या दाबला. दांड्यापाशी एक बुडबुडा फुटला. मग दुसरा.

"गळतोय!" त्या ओरडल्या, इतक्या आनंदानं की लेथ नंबर दोनवाल्यानं मशीन बंद केलं.

वर ऑफिसचं दार उघडलं. थोरले पायरीवर आले. रिकाम्या ट्रेपुढे ते अर्धा तास बसले होते, आणि अर्धा तास हा रिकाम्या ट्रेपुढे फार असतो. ते एक पायरी उतरले, थांबले, उरलेल्या तीन उतरले आणि नव्या पिवळ्या पट्टीवरून, ती आपल्याला दिसलीच नाही अशा चेहऱ्यानं, हौदापाशी आले.

"कुठे गळतोय?"

"दांड्यापाशी," वहिनी म्हणाल्या.

"मला दाखवल्याशिवाय नापास करायचा नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कार्ड कुठंय? सही कुठे करू?"

आत्यानं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, आपल्या कानामागे खोचलं आणि गळका नळ त्यांच्या मुठीत दिला.

"सही नाही. बाही वर कर. आता बुडव. खोल. घट्ट धर, दादा, नळ आहे तो, पाहुणा नाही. हां. दाब."

थोरल्यांनी दट्ट्या दाबला. कोपरापर्यंत भिजलेल्या हाताशेजारून एक बुडबुडा वर आला आणि त्यांच्या नाकासमोर फुटला. तो त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला होता. ते तसेच वाकून पाण्यात बघत राहिले, आणखी एक येतो का म्हणून.

"नापास," आत्या म्हणाली. "पुढचा."